व्हॉल्व्ह तापल्यावर

मामेभावानं नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून दिलेला अल्बम मी घरच्या टेपवर लावला, तेव्हा आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "हेडला कचरा लागलाय बघ, किती खरखरतंय ते." मलाही तसंच वाटलं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसलं, रबराचा रोलर पुसला, कॅसेट पुन्हा लावली. खरखर तशीच. मग लक्षात आलं की गाणाऱ्याचा आवाज स्वच्छ आहे, ऑर्गन स्वच्छ आहे, झांजासुद्धा स्वच्छ आहेत. फाटलेली आहे ती फक्त गिटार. म्हणजे टेपला दोष नव्हता. तो माणूस मुद्दाम फाटक्या आवाजात वाजवत होता.

नंतर ती कॅसेट गेली, टेप गेला, मीही इतर संगीताकडे वळलो. बऱ्याच वर्षांनी हा अल्बम हेडफोन लावून, रात्री, सलग ऐकला आणि चक्रावलो. लहानपणी मी त्यात एका गिटारवाल्याची बोटं ऐकली होती. या वेळी ऐकू आली एक खोली आणि त्या खोलीत तापलेला एक अँप्लिफायर. ही खरखर नेमकी कुठून येते, ती कानाला गोड का लागते आणि १९६६ साली ती तबकडीवर येणं एवढं कठीण का होतं, हे समजून घ्यायला मग बरेच दिवस लागले. जे कळलं ते इथे मांडतोय. तांत्रिक भाग येईल, पण ज्यांच्या घरी तानपुरा लागलेला आहे त्यांना तो अवघड जाणार नाही.

अल्बमचं नाव 'ब्लूज ब्रेकर्स'. मुखपृष्ठावर ताफ्याचा प्रमुख आणि गायक जॉन मेयॉल, सोबत त्याचा गिटारवाला एरिक क्लॅप्टन. डेक्का कंपनीनं २२ जुलै १९६६ रोजी तो इंग्लंडमध्ये काढला. पण जगभरचे गिटारवाले त्याला 'बीनो अल्बम' म्हणतात. कारण मुखपृष्ठावर चौघं जण एका भिंतीपाशी बसलेत, तिघं कॅमेऱ्याकडे बघतायत आणि क्लॅप्टन 'द बीनो' वाचतोय. बीनो हे स्कॉटलंडमधल्या डंडी गावाहून १९३८पासून निघणारं मुलांचं चित्रसाप्ताहिक, खोडकर पोरांच्या उचापतींनी भरलेलं. एखाद्या घरंदाज गायकाच्या ध्वनिमुद्रिकेवर साथीदार 'चांदोबा' उघडून बसलेला दिसावा, तसलाच प्रकार. क्लॅप्टनला फोटो काढून घ्यायचा कंटाळा होता आणि सहकार्य करायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, हे त्यानं स्वतःच नंतर सांगितलंय. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. या हट्टीपणाची आठवण ठेवा, तो स्टुडिओतही उपयोगी पडणार आहे.

पण आधी मेयॉल. तो १९३३चा, म्हणजे क्लॅप्टनपेक्षा अकरा वर्षांहून थोडा जास्त मोठा, मॅंचेस्टरजवळच्या मॅकल्सफील्डचा. वडिलांकडे जॅझच्या तबकड्यांचा साठा, त्यावर हा वाढला. तरुणपणी झाडावर घर बांधून त्यात राहत होता. सक्तीच्या लष्करी सेवेत कोरियाला गेला आणि सुट्टीत जपानमध्ये पहिली इलेक्ट्रिक गिटार घेतली. परत येऊन कला महाविद्यालयात शिकला, जाहिरातींची चित्रं काढायचं काम केलं. व्यवसाय म्हणून संगीतात पडला तोपर्यंत तिशीला टेकला होता. १९६३मध्ये अलेक्सिस कॉर्नर या ब्लूजच्या जुन्या खटपट्यानं त्याला लंडनला ये म्हटलं, तेव्हा तो गेला. आपल्याकडच्या एखाद्या हौशी नाट्यसंस्थेचा संस्थापक असतो ना, स्वतः नट बरा, पण कुणात काय दडलंय ते अचूक ओळखणारा, त्या जातीचा हा माणूस.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं हे संगीत इंग्लंडच्या गोऱ्या पोरांना का लागावं? त्याचं एक साधं कारण म्हणजे अंतर. शिकागोतल्या तरुण काळ्या श्रोत्यांना साठच्या दशकात ब्लूज हे आईबापांचं, गावाकडचं संगीत वाटू लागलं होतं. ते सोल संगीताकडे निघाले होते. लंडनच्या पोरांना मात्र त्या आईबापांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्यापर्यंत पोचली ती जहाजानं आलेली तबकडी आणि तिच्या वेष्टनावरचा मजकूर. एकेक तबकडी झिजेपर्यंत ऐकायची, तिच्यातली गत उतरवायची, मित्राकडची उसनी आणायची. १९५८ साली शिकागोचा ब्लूज गायक मडी वॉटर्स इलेक्ट्रिक गिटार घेऊन इंग्लंडला आला तेव्हा काही मंडळींना तो गोंगाट वाटला, कारण ब्लूज म्हणजे शेताच्या बांधावर लाकडी गिटार घेऊन बसलेला माणूस, अशी त्यांची ठाम समजूत होती. पुढच्या पाचसात वर्षांत तीच तक्रार उलटी फिरली: गोंगाट हवा, तो अजून मोठा का नाही?

आता ब्लूज म्हणजे काय, ते पाहू. बहुतेक वेळा ते बारा मापांचं आवर्तन असतं. एका मापात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक चक्र. पहिली चार मापं षड्जावरच्या स्वरसंगतीवर (कॉर्डवर), मग दोन मध्यमावर, दोन पुन्हा षड्जावर. नवव्या मापात पंचम, दहाव्यात मध्यम, शेवटची दोन घरी परत. शब्दही तीनच ओळींचे: पहिली ओळ गायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळ चार मापांतली साधारण दोनच खाते. उरलेल्या दोन मापांत वाद्य बोलतं. लावणीच्या बैठकीतला सवाल-जवाब ज्यानं ऐकलाय त्याला हे कळायला क्षणभरही लागणार नाही. शेवटच्या दोन मापांत पुन्हा पहिल्या मापाकडे ढकलणारी एक छोटी तुकडी वाजते, आपल्या तिहाईच्या कामाची.

स्वरांची गंमत याहून मोठी. ब्लूजचा गिटारवाला प्रामुख्यानं पाच स्वरांत खेळतो: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हे धानी रागाचे स्वर. पण धानीखाली तानपुरा असतो आणि तो तटस्थ असतो. ब्लूजखाली मात्र स्वरसंगती वाजत असते आणि तिच्यात बहुधा शुद्ध गंधार असतो. म्हणजे खाली शुद्ध गंधार, वर कोमल गंधार, दोघांची खडाजंगी. यातून सुटण्यासाठी गिटारवाला कोमल गंधाराची तार पडद्यावर आडवी खेचतो आणि स्वर शुद्धाच्या दिशेनं वर नेतो, पण पुरता नेत नाही. मधेच कुठेतरी सोडतो. हार्मोनियमवर ही जागाच नाही, सतारीवर आहे. सतारिया मींड घेतो तेव्हा तार अशीच ओढतो. ब्लूजमधला सगळा विव्हळ या दोन गंधारांच्या फटीत राहतो.

मींडेचं खरं दुखणं वेगळंच. साध्या गिटारवर स्वर छेडला की तो लगेच विझायला लागतो. तार ओढून स्वर वर पोचेपर्यंत त्याचा जीव गेलेला असतो. गाणारा माणूस श्वास पुरेल तोवर स्वर धरू शकतो, वर जाताना त्याला फुगवूही शकतो. गिटारला ते जमत नाही. गिटारला श्वास द्यायचा तर काय करायचं? उत्तर सापडलं ते बिघाडात.

१९६० सालच्या आसपास बनलेली गिब्सन कंपनीची लेस पॉल जातीची गिटार क्लॅप्टनकडे होती. महोगनीचं जाड अंग, वर मेपलचा पापुद्रा, हातात घेतली की वजन जाणवतं. फ्रेडी किंग या टेक्सासच्या गिटारवाल्याच्या एका तबकडीच्या वेष्टनावर लेस पॉल दिसली, म्हणून आपणही ती घेतली, असं तो सांगतो. मौज अशी की गिब्सननं हा आकार १९६०नंतर खपत नाही म्हणून बंद केलेला होता. जड, जुनाट, फॅशनबाहेरची गिटार. पण तिच्या तारांखाली तारेची थरथर विजेत बदलणारे जे चुंबकी पिकअप होते, त्यांत एकाऐवजी दोन वेटोळी होती, एकमेकांच्या उलटी गुंडाळलेली. विजेच्या तारांतून येणारी घरघर दोन्ही वेटोळ्यांत शिरते, पण उलटसुलट शिरते म्हणून एकमेकीला मारते. तारेचा आवाज मात्र दोन्हींतून जमा होतो. परिणाम: घरघर कमी आणि निघणारा विद्युतसंकेत दांडगा. इतका दांडगा, की पुढच्या यंत्राला तो झेपेना.

पुढचं यंत्र होतं मार्शलचं. पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलला जिम मार्शल नावाच्या ड्रमशिक्षकाचं वाद्यांचं दुकान होतं. गिटारवाली पोरं तिथे यायची आणि अमेरिकन फेंडर अँप्लिफायर परवडत नाही म्हणून कुरकुरायची. १९६२मध्ये त्या दुकानात फेंडरच्या एका मॉडेलचा नकाशा समोर ठेवून, मिळतील ते इंग्रजी सुटे भाग घालून, एक अँप्लिफायर जुळवला गेला. भाग वेगळे म्हणून आवाज वेगळा. क्लॅप्टनकडे त्याच घराण्यातला, बारा इंची दोन स्पीकर एकाच पेटीत बसवलेला अँप्लिफायर होता. त्याच्या मॉडेलचा आकडा १९६२ असल्यामुळे आजही लोक त्याला साल समजून घोळ घालतात.

हे सगळे व्हॉल्व्हचे अँप्लिफायर. ज्यांनी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिलाय त्यांना आठवत असेल, बटण फिरवल्यावर आत नारिंगी उजेड धरायचा आणि आवाज यायला थोडी वाट बघावी लागायची. व्हॉल्व्हचं काम साधं: आत येणारी लहान लाट मोठी करून बाहेर द्यायची. पण प्रत्येक व्हॉल्व्हला एक छत असतं. लाट त्या छताहून उंच उठायला गेली की तिचा माथा दाबला जातो, डोंगराचं पठार होतं. मांडवातला भोंगा जास्त आवाजावर लावला की "आवाज फाटला" म्हणतो ना आपण, तेच. फरक एवढाच की चांगला व्हॉल्व्ह लाटेचा माथा सुरीनं कापल्यासारखा कापत नाही. वरून तळहातानं दाबल्यासारखा दाबतो. कडा गोलसर राहतात आणि कान खरचटत नाही.

माथा दबल्यानं दोन गोष्टी होतात, आणि या दोन्ही कळल्या की अर्धा अल्बम कळला.

पहिली: लाटेचा आकार बदलला की तिच्यात नवे स्वर तयार होतात. समजा तारेचा षड्ज २२० कंपनांचा आहे. दबलेल्या लाटेत ४४०, ६६०, ८८०, ११०० अशी पटींची कंपनं जोर धरतात. ४४० म्हणजे वरचा सा, ६६० म्हणजे त्या सप्तकातला पंचम, ८८० आणखी वरचा सा, आणि ११०० म्हणजे शुद्ध गंधार. हाच तो स्वयंभू गंधार, जो नीट लागलेल्या तानपुऱ्यात कुणी न छेडता ऐकू येतो. तानपुऱ्याला तो कुठून मिळतो? जवारीतून. घोडीचा माथा किंचित वाकडा घासलेला असतो, तार त्याला पुसटशी घासत राहते, मधे सुताचा जीव घातला जातो, आणि त्या झणझणाटातून वरचे स्वर उमलतात. जवारी न काढलेला तानपुरा मुका वाटतो. मेयॉलच्या ताफ्यातल्या त्या पोरानं अँप्लिफायरची जवारी काढली होती म्हणा ना. माझ्या आईला तिची खरखर लगेच खटकली, पण रोज सकाळी रेडिओवरच्या गाण्यामागे झणझणणारी तानपुऱ्याची जवारी तिला कधी खटकली नव्हती. सवयीचा भाग.

दुसरी गोष्ट श्वासाची. तार छेडली तेव्हा संकेताचं बळ समजा दहा आहे, आणि छत तीनचं आहे. बाहेर तीन येतं. तार विझत जाते, दहाचं आठ होतं, पाच होतं, चार होतं. बाहेर अजून तीनच. श्रोत्याला स्वर विझताना ऐकूच येत नाही. तो ठाम उभा राहतो, आणि त्या वेळात गिटारवाला निवांत मींड काढून घेतो. त्यातून आवाज पुरेसा मोठा असेल तर स्पीकरमधून येणारी हवा गिटारच्या तारेलाच धक्के देते, तार पुन्हा हलू लागते आणि स्वर विझण्याऐवजी फुगतो. हे व्हायचं तर माणूस आणि स्पीकर एकाच खोलीत हवेत, आणि स्पीकर जोरात हवा. तीच अट स्टुडिओवाल्यांना मान्य नव्हती.

कारण स्टुडिओचा धर्म स्वच्छतेचा. काटा तांबड्यात गेला की तंत्रज्ञ हात पुढे करणार आणि आवाज खाली ओढणार. १९६५मध्ये मेयॉलच्या ताफ्याचं एक छोटं ध्वनिमुद्रण झालं, त्याचा निर्माता होता जिमी पेज, जो पुढे लेड झेपलिनचा गिटारवाला झाला. पेजनं सांगितलेला किस्सा असा: क्लॅप्टननं अँप्लिफायर चढवला, गिटार घोंघावू लागली, आणि तंत्रज्ञानं सगळे खटके खाली ओढले, या माणसाचं ध्वनिमुद्रण होऊच शकत नाही म्हणाला. पेजनं त्याला सांगितलं, तू घे, जबाबदारी माझी. जबाबदारी घ्यावी लागणं हाच त्या काळाचा पुरावा.

पुढच्या वर्षी, १९६६च्या वसंतात, ताफा वेस्ट हॅम्पस्टेडच्या डेक्का स्टुडिओत आला. (चार वर्षांपूर्वी, १९६२च्या पहिल्याच दिवशी, याच इमारतीत बीटल्सची चाचणी घेऊन डेक्कानं त्यांना नको म्हटलं होतं. त्या कंपनीच्या कानाबद्दल एवढं पुरे.) निर्माता होता माइक व्हर्नन, स्वतः ब्लूजचा वेडा. ध्वनितंत्रज्ञ गस डजन, जो पुढे एल्टन जॉनच्या गाण्यांचा निर्माता म्हणून गाजला. क्लॅप्टननं अँप्लिफायर क्लबात लावतो तेवढाच चढवला आणि खाली आणायला साफ नकार दिला. नेहमीच्या रिवाजानं माइक स्पीकरच्या तोंडाशी लावायचा, तर तिथे तो टिकणारच नाही. म्हणून माइक लांब सरकवला. आवाज खोलीभर पसरला, भिंतींना लागला, मग माइकपर्यंत आला. मी वर खोली ऐकू आली म्हटलं, ती हीच. आणि गिटारचा आवाज इतर वाद्यांच्या माइकमध्येही शिरलाय, ढोलाच्या मागेसुद्धा त्याची सावली पडलेली आहे. आजचा तंत्रज्ञ याला गळती म्हणून नाक मुरडेल. मला तीच आवडते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर क्लॅप्टननं फाटका आवाज शोधून काढला असा समज व्हायचा. अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये १९५१मध्येच एका गाजलेल्या तबकडीवर फाटक्या कागदी स्पीकरचा आवाज घेतला गेला होता. शिकागोच्या क्लबांमध्ये बडी गाय हा गिटारवाला असाच चढा, घोंघावणारा आवाज काढायचा, पण त्याच्या तबकडी कंपनीनं स्टुडिओत तो काढू दिला नाही, गोंगाट ठरवला. इंग्रज पोरांच्या तबकड्या खपल्यावर कंपनीच्या मालकाला आपली चूक उमगली, असं बडी गाय सांगतो. तो बडी गाय २०११ साली बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत वाजवून गेला, मुंबईतल्या पहिल्या मोठ्या ब्लूज महोत्सवात, वयाच्या पंचाहत्तरीला टेकलेला असताना. मुद्दा एवढाच की आवाज शिकागोत होता, परवानगी लंडनमध्ये मिळाली. कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, हा प्रश्न या संगीतात कायम आहे.

आता गाणी. बारा आहेत, साधारण निम्मी मूळची अमेरिकन. पहिलं 'ऑल युवर लव्ह' हे शिकागोचा गिटारवाला ओटिस रश याचं, १९५८चं. रश डावखुरा, आणि तारा न बदलता गिटार उलटी धरणारा, त्यामुळे इतर जण वर ढकलतात ती तार तो खाली ओढायचा. त्याचं मूळ गाणं आधी ऐकाच. संथ, जरा लॅटिन ठेक्याची चाल, आणि मधेच ठेका मोडून झोकदार लयीत उडी. मेयॉलच्या ताफ्यानं आराखडा जवळपास तोच ठेवलाय. बदललं आहे ते स्वराचं अंग. रशचा स्वर सुईसारखा, क्लॅप्टनचा मनगटाएवढा जाड. कॅसेटवर आमच्याकडे पहिल्यांदा खरखरला तो हाच.

दुसरं 'हाइडअवे', फ्रेडी किंगची शब्दांविना रचना, शिकागोतल्या एका दारूच्या गुत्त्याच्या नावावरून. इथे एक बारीक गोष्ट पकडता येते. क्लॅप्टन हलक्या हातानं वाजवतो तेव्हा लाट छताखाली राहते, स्वर जवळजवळ स्वच्छ येतो. जोरानं छेडतो तेव्हा फाटतो. म्हणजे फाटणं चालू-बंद करणारं बटण कुठेही नाही, ते हातात आहे. तबल्याच्या बायावर मनगट दाबून घुमारा वरखाली करतात तसं. पायाखाली आवाज फाडणारं पेडल ठेवून वाजवणाऱ्या पुढच्या कित्येकांना हे जमलं नाही, कारण त्यांचा आवाज सदासर्वदा फाटलेलाच.

सगळंच थोर आहे असं नाही. 'व्हॉट्'ड आय से'मध्ये ह्यूई फ्लिंटचं ढोलवादन सुरू झालं की मी चहा ठेवायला उठतो. क्लबात घामाघूम गर्दीत ते चालत असेल, तबकडीवर ते लांबण आहे. पण परत येताना शेवट चुकवू नका, गिटारवर बीटल्सच्या एका ताज्या गाण्याची गत अचानक डोकावते, मिश्कीलपणे. 'अनदर मॅन'मध्ये तर क्लॅप्टन नाहीच. मेयॉलचा आवाज, हार्मोनिका आणि टाळ्या. लहानपणी मी हे गाणं पुढे ढकलायचो. आता वाटतं, गिटारच्या उन्हातून सावलीत आल्यासारखं ते मुद्दाम तिथे ठेवलंय. मेयॉलचा गळा तसा पातळ, थोडा नाकातला, काहींना अजिबात झेपत नाही. मला त्याची सवय झाली आणि मग तो आवडायला लागला, कारल्यासारखा.

'रॅम्ब्लिन' ऑन माय माइंड' हे जुन्या पिढीतला ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन याचं १९३६चं गाणं क्लॅप्टन स्वतः गायलाय, तबकडीवर पहिल्यांदाच मुख्य गायक म्हणून. तो तयार नव्हता, मेयॉलनं त्याला ढकललं. मागे मेयॉलचा पियानो तेवढा. गिटार हातात असताना वाघ असलेला हा पोरगा माइकसमोर चक्क लाजतोय, शब्द जपून टाकतोय. पूर्ण अल्बममध्ये तो इतका लहान कुठेच वाटत नाही.

आणि 'हॅव यू हर्ड'. मेयॉलची संथ रचना, सहा मिनिटांच्या आसपासची, सॅक्सोफोनच्या सुरावटीनं उघडणारी. बराच वेळ गिटार मागे राहून गाण्याला उत्तरं देते, सभ्यपणे. गाणं अर्ध्यावर गेल्यावर ती पुढे येते, आणि पहिल्याच स्वरापासून कळतं की अँप्लिफायर आता पुरता तापलाय. कोमल गंधार ओढलेला, अडवलेला, सोडलेला. स्वर विझायला हवा तिथे विझत नाही. मघाचं सगळं गणित, दहाचं तीन, स्वयंभू गंधार, खोलीतली हवा, या आवर्तनांत एकत्र काम करतं. ऐकताना मात्र गणित आठवत नाही, हे बरं आहे. जमलं तर मोनो आवृत्ती ऐका. १९६६ला अल्बम मोनोतच निघाला होता, स्टीरिओ १९६९ला आला. मोनोत सगळे एकाच तोंडानं बोलतात, आणि या ताफ्याला तेच शोभतं.

अल्बम इंग्लंडच्या खपाच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढला. बंद पडलेल्या लेस पॉल गिटारला एकाएकी गिऱ्हाईक आलं, आणि गिब्सननं १९६८मध्ये ती पुन्हा बनवायला घेतली. ज्या गिटारवर हे सगळं झालं ती मात्र १९६६च्याच उन्हाळ्यात क्लॅप्टनच्या नव्या ताफ्याच्या तालमीतून चोरीला गेली. ती आजतागायत सापडलेली नाही.

फ्रेडी किंगला थोडंफार परत मिळालं असं म्हणता येईल: १९७४मध्ये त्याचा एक अल्बम माइक व्हर्ननंच केला, एका गाण्यात क्लॅप्टननं साथ दिली. दोन वर्षांनी किंग गेला, बेचाळिसाव्या वर्षी. त्याच वर्षी, १९७६च्या ऑगस्टमध्ये, बर्मिंगहॅमच्या मंचावरून क्लॅप्टननं स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली, आणि त्यातून इंग्लंडमध्ये वर्णद्वेषाविरुद्ध संगीतकारांची चळवळ उभी राहिली. पुढे त्यानं माफी मागितली. पण काळ्या लोकांच्या संगीतावर ज्याचं सगळं आयुष्य उभं राहिलं, त्याच्या तोंडी ती भाषा होती, हे ठाऊक झाल्यावर अल्बम पूर्वीसारखा भाबडेपणानं ऐकता येत नाही. मी ऐकतो. ओटिस रशचं मूळ गाणं आधी लावतो, मग हा.

मेयॉल २२ जुलै २०२४ला कॅलिफोर्नियात गेला, नव्वदाव्या वर्षी. तारखेकडे लक्ष गेलं असेल. अल्बम निघाला त्याला त्या दिवशी बरोबर अठ्ठावन्न वर्षं झाली होती. बातम्यांमध्ये त्याच्यापेक्षा त्याच्या शिष्यांचीच नावं जास्त होती, आणि ते चूकही नव्हतं. या अल्बमचा बासवादक जॉन मॅकव्ही पुढे फ्लीटवुड मॅकमध्ये गेला आणि त्या ताफ्याच्या नावातला अर्धा भाग झाला. क्लॅप्टन तर अल्बम दुकानात पोचेपर्यंत ताफ्यातून निघालाही होता.

ही बातमी व्हर्ननला कुणी दिलीच नव्हती. पुढच्या अल्बमसाठी मेयॉलची मंडळी स्टुडिओत सामान लावत होती, तेव्हा त्याला तिथे कधी न पाहिलेला एक अँप्लिफायर दिसला. एरिक कुठे आहे, त्यानं विचारलं. तो गेला सोडून, मेयॉल म्हणाला, काळजी करू नकोस, त्याच्यापेक्षा चांगला मिळालाय. कोपऱ्यात पीटर ग्रीन नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा गिटार जुळवत होता.